सोपानचा डबा

“...पण मग माझं चुकलं कुठं, बुवा? किती द्यायला हवे होते मी?”

उपासनी मठीत पाऊल टाकताटाकताच विचारत होते. अच्युतबुवा ओसरीवर उन्हात बसून वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

उपासनींची छत्तीस वर्षं बँकेत गेलेली. आता ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. दिवाळीची पोस्त कुणाला किती द्यायची, याचा तक्ता त्यांनी स्वतः केला होता. वॉचमन, जिना झाडणाऱ्या बाई, कचरेवाला, सगळ्यांना त्यांनी रकान्यात बसवलं होतं. त्या तक्त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

“सगळ्यात जाड पाकीट कुणाचं? आमच्या वॉचमनचं, सोपानचं!”

“बरं.”

“भाऊबीजेला हा दारात हजर, हातात डबा. म्हणतो, ‘सायेब, मंडळींनी अनारसं केल्यात. वैनीसायबांस्नी आवडत्यात म्हनं.’”

“मग?”

“मी काय आजचा आहे? डबा घेऊन आला म्हणजे पोस्त कमी पडली असणार. शिवाय कुणाचं ओझं ठेवून घ्यायची मला सवय नाही. डबा घेतला आणि पाचशेची नोट त्याच्या हातावर ठेवली.”

बुवांचे हात थांबले.

“आज सकाळी पाकीट परत. जसंच्या तसं, वर ती नोट. आणि महिनाअखेरीला काम सोडतो म्हणतो!”

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

“किती वर्षं आहे तो तुमच्याकडं?”

“अकरा.”

“माणूस कसा आहे?”

उपासनींचा आवाज आपोआप खाली आला. “हिच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा लिफ्ट बंद होती. सोपान आणि दूधवाला, दोघांनी हिला खुर्चीसकट तीन मजले खाली नेलं. एवढासुद्धा धक्का लागू दिला नाही... तो नसता तर काय झालं असतं, बुवा, मला विचार करवत नाही. जायला नको तो.”

“तेव्हा त्याला काय दिलंस?”

“देत होतो की. त्यानं घेतलं नाही.”

“आणि तू? त्यानं दिलेलं कधी नुसतं घेतलंस?”

उपासनींना प्रश्न कळला नाही.

“बरं, ते राहू दे. अनारसे कसे झालेत?”

“खाल्लेत कुठं!” त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. “तुमच्यापुढं ठेवावा म्हटलं. सत्कारणी तरी लागेल.”

बुवांनी झाकण उघडलं. आत सहा अनारसे होते, वरून खसखशीनं गच्च भरलेले.

“एकही तुपात हसून विरलेला नाही बघ,” बुवा म्हणाले आणि त्यातला एक त्यांनी पुढं केला. “खा.”

“मला गोड वर्ज्य आहे, बुवा. डॉक्टरांनी...”

“खा म्हटलं ना.”

उपासनींनी घास घेतला. कडेला कुरकुरीत, आत मऊ, गुळाला बेताची गोडी. गेटमागच्या सोपानच्या पत्र्याच्या खोलीत, एका शेगडीवर, तांदूळ तीन दिवस भिजवून कुणीतरी हे केलं होतं. त्यांच्या घरी हिच्या दुखण्यापासून अनारसे झालेच नव्हते. गेटवर येताजाता ही कधीतरी बोलून गेली असणार. सोपाननं ते लक्षात ठेवलं होतं, आणि आपण ‘वैनीसायबांस्नी’ हा शब्द ऐकलासुद्धा नाही...

त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

बुवांनीही एक खाल्ला. उरलेल्या चारांकडं उपासनी जरा वेळ बघत राहिले. मग त्यांनी खिशातला धुतलेला रुमाल काढला आणि ते चारही त्यात नीट बांधून घेतले.

“हे हिला,” ते म्हणाले.

बुवा हसले.

“पण डबा, बुवा? रिकामा डबा परत करायची पद्धत नाही आपल्यात. आता यात काय घालू? आणि किती...”

बुवांनी उपरण्यानं डबा आतून पुसला. झाकण घट्ट लावलं आणि तो त्यांच्या दोन्ही हातांत ठेवला.

“रिकामाच ने,” ते म्हणाले. “आणि त्याच्या दारात उभा राहून अजून दोन माग.”