वसुबारसेचे दूध

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक हरिणी राहत असे. डोळे टपोरे, अंगावर पांढरेशुभ्र ठिपके. आणि बालमित्रांनो, या रूपाची तिला जरा जास्तच जाणीव होती! तळ्यात स्वतःला न्याहाळल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नसे. एकदा वसुबारसेच्या संध्याकाळी ती चरत चरत गावाच्या कडेला आली. धुके आणि गुरांच्या पायांची धूळ एकमेकांत मिसळली होती आणि पणत्या हवेतच तरंगताहेत असे वाटत होते. बायका एका गाईला नि तिच्या वासराला ओवाळत होत्या. हरिणीने नाक मुरडले. बायका गेल्यावर ती म्हणाली, "काय गं गाई, तुझ्यात असे काय आहे, म्हणून या तुझ्या पाया पडतात?"

"मला तरी कुठे ठाऊक आहे, बाई?" गाय म्हणाली आणि शांतपणे रवंथ करत राहिली.

वर्ष सरले. हरिणीला एक गोजिरवाणे पाडस झाले. पण एके दिवशी लांडगा मागे लागला. कशीबशी ती वाचली, मात्र तिचा पाय दुखावला. चरायला जाता येईना आणि दूध आटले. तिसऱ्या दिवशी पाडसाला मान उचलणेही जड झाले. मग मात्र तिचा सारा तोरा गळाला. लंगडत, पाडसाला ढुशा देत चालवत, तिन्हीसांजेला ती त्याच गाईच्या गोठ्याशी आली. त्या दिवशीही वसुबारस होती. गाईच्या कपाळावर ओले कुंकू होते.

"गाईताई, माझे लेकरू..." हरिणीने पाडसाला नाकाने पुढे ढकलले.

गाय म्हणाली, "आज माझी धार कोणी काढत नाही गं. आजचे सगळे दूध माझ्या वासराचे."

हरिणी मागे वळणार, तोच गाईने वासराचा कान मायेने चाटला नि ती म्हणाली, "सरक रे राजा थोडा. तुझा भाऊ आलाय."

वासरू सरकले. पाडस लुचू लागले, आणि हळूहळू त्याची इवलीशी शेपटी हलू लागली. हरिणीचे डोळे भरून आले. तिने मान लववली आणि गाईच्या खुरांपाशी धुळीत कपाळ टेकले.

"अगं, हे काय करतेस?" गाय संकोचून म्हणाली.

"गेल्या वर्षी विचारले होते ना," हरिणी म्हणाली, "त्याचे उत्तर मिळाले."

तात्पर्य : जी परक्याच्या भुकेल्या लेकरालाही आपल्या दुधात वाटा देते, तिला सारे जग आई म्हणते आणि तिच्यापुढे हात जोडते.