धैवतानंतरची जागा

“म्हणजे रविवारी मी गाऊ ना, मास्तर?”

दस्तगीर मास्तर तानपुऱ्याची खुंटी पिळत होते. प्रश्न त्यांनी ऐकला. खुंटी अजून थोडी पिळली.

विचारणारा हेरंब साठ्ये. सकाळच्या गाडीने पुण्याहून मिरजेला आला होता. शिष्य मास्तरांचाच, पण समोर बसण्याची ही पहिलीच वेळ. आतापर्यंतची सगळी तालीम मोबाईलवर झालेली. मास्तर इथे, तो तिथे.

रविवारी मास्तरांच्या गुरूंची बरसी, म्हणजे पुण्यतिथी, होती. त्या दिवशीच्या गाण्याच्या बैठकीत मास्तर दरवर्षी एका शिष्याला पहिल्यांदा लोकांपुढे बसवतात. कोणाला, ते आधी कोणालाच माहीत नसतं. यंदा हुकलं की पुढचं वर्ष.

हेरंबने आईवडिलांना यायला सांगून ठेवलं होतं. ऑफिसातही सांगून झालं होतं.

“तुमची एकही तालीम मी वाया जाऊ दिली नाही,” तो म्हणाला. “प्रत्येक रेकॉर्ड केलीय. पहाटे तीच लावून बसतो. तुम्ही श्वास घेता तिथेच मी घेतो. केसाइतकाही फरक नाही, मास्तर.”

“आणि मास्तर खोकतात, तिथं काय करतोस रे?”

हे इंदुमतीबाई आवटींनी विचारलं. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. मास्तरांच्या सगळ्यात जुन्या शिष्या. त्यांना रविवारची कसली आशा नसते, त्यामुळे त्या मोकळेपणाने बोलतात.

हेरंब हसला नाही.

“गा,” मास्तर म्हणाले.

साथीला तानपुरा मी घेतला; मीही मास्तरांकडेच शिकतो.

त्याने भूप लावला. गळा तयारीचा होता. स्वर जागच्या जागी पडत होते. डोळे मिटून ऐकलं असतं तर मास्तरच तरुणपणी गात आहेत, असं वाटलं असतं. इंदुमतीबाईंची मान हळूहळू डोलायला लागली.

मग तो धैवतावर आला आणि गाणं थांबलं.

श्वास संपला म्हणून नाही. विसरला म्हणूनही नाही. तो नुसता थांबला. खोलीत तानपुरा तेवढा वाजत राहिला. खूप वेळाने, कुठूनसा, गंधार लागला. एकदम. मधे काही नाही.

मास्तरांनी डोळे उघडले.

“ही जागा कुठली?”

“तुमचीच.”

“माझी नाही.”

“तुमचीच, मास्तर. मला ही बसायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दाखवतो.”

त्याने मोबाईल काढला, तालीम शोधली आणि मधोमध सतरंजीवर ठेवला. मास्तरांनी चष्मा लावला.

पडद्यावर मास्तर गात होते. धैवत लागला. तेवढ्यात चित्र गोठलं. तोंड उघडं, उजवा हात हवेत. आवाज नाही... मग चित्र हललं आणि मास्तर गंधारावर होते.

“अगं बाई!” इंदुमतीबाई म्हणाल्या. “अरे, हे तर नेट गेलंय!”

आणि त्या हसल्या. पदर तोंडाला लावूनही हसू थांबेना. “एवढी पहाटे उठून नेट गेल्याची तालीम केलीस होय रे!”

हेरंबचे कान लाल झाले. तो मोबाईल उचलायला वाकला. मास्तरांनी त्याचा हात अडवला. त्यांनी स्वतःच्या बोटाने चित्र मागे नेलं, पुन्हा लावलं, आणि आपल्याच गोठलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

“गप्प बसलेला बरा दिसतोय,” ते म्हणाले.

इंदुमतीबाई हसायच्या थांबल्या.

“तुला काय वाटलं होतं?” मास्तरांनी हेरंबला विचारलं.

“वाटलं... तुम्ही मुद्दाम थांबलात.”

“मग तू काय करायचास?”

“मीही थांबायचो.”

“थांबून?”

“काही नाही. म्हणजे...” त्याने सतरंजीच्या कडेचा दोरा धरला. “गंधारावर कसं जायचं ते कळायचंच नाही. तुमच्या आवाजात तिथे काहीच नव्हतं ना. वाट बघायचो. दर पहाटे वाटायचं, आज गंधार नाही येणार.”

“आणि?”

“यायचा.”

मास्तरांनी मान हलवली. खाली रस्त्यावरून एक टमटम गेली.

हेरंब सावरून बसला.

“पण आता कळलं, मास्तर. चूकच झाली. ती जागा एकदा खरी सांगा. आत्ता दुरुस्त करतो.”

मास्तरांनी एकदाच गाऊन दाखवली. धैवत, पंचमाला ओझरता स्पर्श, गंधार. एका श्वासात.

हेरंबने ती पहिल्याच फटक्यात उचलली. केसाइतकाही फरक नव्हता.

“पुन्हा पहिल्यापासून घे.”

त्याने डोळे मिटले आणि गायला लागला. स्वर तेच, तितकेच जागच्या जागी. तो धैवतावर आला.

मास्तरांचा उजवा हात वर गेला आणि हवेत थांबला. मोबाईलवर दिसला होता तसाच.

हेरंबचे डोळे मिटलेले होते. तो धैवतावरून पंचमाला शिवून गंधारावर उतरला, आणि तसाच पुढे गेला. आलाप पुरा झाला. हात अजून हवेतच होता. मग तो हळूच गुडघ्यावर आला.

“गुणी आहे हो पोरगं,” इंदुमतीबाई म्हणाल्या. आता त्या थट्टा करत नव्हत्या. “एकदा सांगितलं, बसलं.”

हेरंबने डोळे उघडले. चेहऱ्यावर घाम होता आणि समाधान होतं.

“झालं दुरुस्त,” तो म्हणाला. “मग... रविवारी, मास्तर?”

मास्तरांनी माझ्याकडून तानपुरा घेतला. गवसणी घातली, नाडी बांधली आणि तानपुरा भिंतीला टेकवून ठेवला.

“इतके दिवस पहाटे धैवतावर एक जण थांबत होता ना?”

“हो... मीच.”

“रविवारी त्याला पाठव. तो गाईल.”