कणगर आहे, उकडून खा

“...मग बंदच करून टाकू का तो गट, आजी?”

ठकुआजी धादवडनं मान वर केली नाही. ओट्यावर बसून ती उकडलेल्या कंदांच्या साली काढत होती.

“कोनता गट?”

उन्मेष बागवे ओट्याच्या कडेला टेकला. संगमनेरला कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा. पुस्तकातली झाडं त्याला आधीपासून येत होती. रानातली शिकवली ती ह्या बाईनं, नऊ वर्षांपूर्वी, दर रविवारी डोंगरात पायी हिंडवून. एका रविवारी एकच झाड. दुसरं विचारलं तर ती सरळ घरी निघून यायची.

“फोनवरचा. रानओळख. आपण रविवारी हिंडायचो त्यांचाच केला होता...”

“अकरा जन व्हते तुमी.”

“आता दोन लाख झालेत.”

हे सांगताना त्याचा आवाज नेहमी जरा चढायचा. आजही चढला. त्याचं त्यालाच ते कळलं आणि त्यानं नजर खाली घातली.

“बरं,” आजी म्हणाली. “मग?”

त्यानं सांगितलं. पाच दिवसांपूर्वी एका माणसानं गटावर फोटो टाकला होता. स्टीलच्या ताटलीत चार कंद, माती धुतलेले. कुंपणाजवळ खणताना सापडले, वेल वाळून गेलाय, खायचे आहेत का, एवढंच त्यानं विचारलं होतं. संध्याकाळपर्यंत चारशे बारा उत्तरं आली. घरात तिघं जेवली. तो आणि त्याचे वडील ओकाऱ्या होऊन सावरले. त्याची बायको नाशिकला दवाखान्यात होती. तिनं जास्त खाल्लं होतं.

“कशाचे व्हते?”

“कळलावीचे. विषच ते.”

आजीची सुरी थांबली.

“लोकांनी काय सांगितलं त्याला?”

“कणगर.”

“वाच.”

“काय वाचू?”

“चारशे म्हनालास ना. वाच.”

त्यानं खिशातून फोन काढला. पडदा सदऱ्याला पुसला.

“कणगर आहे, उकडून खा, भारी लागतं... होय, कणगरच... आमच्याकडे मीठ घालून करतात... कणगर... शंभर टक्के कणगर... खा बिनधास्त...”

आजी साल काढत ऐकत होती. एक कंद झाला की दुसरा उचलायची, बोटांनी फिरवून बघायची आणि मग सुरी लावायची. तो विसाव्या उत्तरापाशी थांबला.

“पुढं?”

तो वाचत राहिला. एकानं कणगराच्या भजीची कृती लिहिली होती. दोघांचं आपसात भांडण लागलं होतं, कोकणातला कणगर चांगला की घाटावरचा. एकानं स्वतःच्याच फार्महाऊसचे फोटो टाकले होते. साठाव्या उत्तराला आजीनं त्याला अडवलं.

“मला ठावं न्हाई, असं कोन म्हनालं?”

उन्मेषनं बोटानं पडदा सरकवला. खाली. आणखी खाली. बराच वेळ तो नुसता सरकवत राहिला.

“कुणीच नाही.”

“पहिल्यांदी म्हनायचे?”

तो आठवू लागला. अकरा जण होते तेव्हा फोटो टाकला की दिवसदिवस उत्तर यायचं नाही. मग कुणीतरी लिहायचं, नीट दिसत नाही. दुसरा लिहायचा, पानाची मागची बाजू टाका. राजूरचे इस्माईल मास्तर तर तीनच शब्द लिहायचे, आधी देठ दाखवा. त्यावरून सगळे त्यांना हसायचे, पण देठ दाखवायचे.

“हो,” तो म्हणाला. “सारखे म्हणायचे.”

“इस्माईल मास्तर काय म्हनाले ह्या टायमाला?”

उन्मेषनं फोन मांडीवर पालथा ठेवला.

“हाईत ना ते गटात?”

“त्यांनी लिहिलं होतं... मी काल पाहिलं. दोनशे सदतिसावं आहे.” त्यानं ते शोधून वाचलं. “पान दाखवा. पान नसेल तर खाऊ नका.”

“मग?”

“खाली लोक हसले. एकानं लिहिलं, मास्तर, शाळा सुटली आता, घरी जा.”

“आन् ते गेले.”

“त्याच संध्याकाळी गट सोडून गेले. मला कळलंसुद्धा नाही, आजी. इतकी माणसं येतात रोज, एक गेलेला...”

वाक्य अर्धंच राहिलं. त्याच्या हातात फोन वाजला आणि तो एकदम उभा राहिला. नाशिकहून त्या माणसाचा मेव्हणा बोलत होता. उन्मेष नुसतं हो, हो म्हणत होता.

बोलणं संपलं तरी तो फोन कानाशी धरून उभाच होता.

“काय म्हनतात?”

“तिला लघवी होत नाही म्हणतात. आणखी दोन दिवस काही सांगता येणार नाही.”

ती बाई पुढे वाचली, एकोणिसाव्या दिवशी घरी आली. पण ते पुढचं. त्या सकाळी कुणालाच काही माहीत नव्हतं.

“बस,” आजी म्हणाली.

तो बसला.

“तू काय लिहिलंस?”

“मी काही लिहिलं नाही.”

आजीची सुरी चालत राहिली. समोरच्या झापाच्या छपरावरून एक कोंबडी उतरली, सालींत चोच मारून पाहिली आणि निघून गेली.

“मी काहीच लिहिलं नाही,” तो पुन्हा म्हणाला.

आजीनं पुढचा कंद उचलला.

“...बदाम दाबला होता.”

“म्हंजे?”

“आवडलं म्हणून खूण करतात. पहिलं उत्तर होतं ना, कणगर आहे, उकडून खा, त्याच्यावर. त्या दुपारी दोन लाख पुरे झाले होते. लोक अभिनंदन करत होते. मी जे समोर येईल त्यावर दाबत होतो. गट माझा, म्हणून माझी खूण पडली की ते उत्तर सगळ्यांत वर जातं...” तो थांबला. “फोटो मोठा करून पाहिला नाही मी. काल पाहिला. एक कंद मध्येच वाकलाय, दोन फाटे फुटल्यासारखा. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं.”

“आजवर कोनाला सांगितलंस हे?”

“कुणालाच नाही.”



मग त्याच्याच्यानं राहवलं नाही. “नियम कडक करतो. उत्तर द्यायला परीक्षा ठेवतो. नाहीतर निम्मे काढून टाकतो. तू सांग आजी, किती माणसं असावीत? हजार? शंभर? पुन्हा अकराच?”

आजीनं ताटलीतला एक सोललेला तुकडा उचलला आणि त्याच्यासमोर धरला.

“ह्ये काय हाय?”

“कणगर,” तो लगेच म्हणाला. “आजी, मी काय विचारतोय...”

“माज्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. नातसुनेनं खनून आनलेत सकाळी, कुठनं ते इचारलं न्हाई मी.” तिनं तुकडा स्वतःच्या डोळ्यांजवळ नेला, मग खाली घेतला. “तू शिकलेला. तू कनगर म्हनतोस, तर कनगर.”

आणि तिनं तो तोंडाशी नेला.

उन्मेषनं तेव्हा पहिल्यांदा तुकड्याकडे पाहिलं. पांढरा, उकडलेला, साल नसलेला. साल कोंबडीनं विस्कटलेल्या ढिगात होती. वेल कुठे होता कुणास ठाऊक.

आजीचं तोंड उघडलं होतं.

त्यानं झडप घालून तिचं मनगट पकडलं.

“थांब.”

ती थांबली. तिचं मनगट वाळक्या काटकीसारखं होतं आणि त्याच्या बोटांत तिची नाडी उडत होती. की त्याची स्वतःचीच, ते त्याला कळेना.

“मी पाहिलं नव्हतं,” तो म्हणाला. “न पाहताच बोललो. मला... मला माहीत नाही, आजी.”

तिनं हात ओढून घेतला नाही. त्यानंही सोडला नाही. मांडीवर ठेवलेला फोन पुन्हा वाजायला लागला, वाजून वाजून थांबला.

“किती मानसं, असं इचारत व्हतास न्हवं मगाशी?” आजी म्हणाली.

“हो.”

आजीनं आपल्या मनगटावरच्या त्याच्या बोटांकडे पाहिलं.

“मग मोज... अशी धरायला किती मावतात तुज्या हातात.”