टाक्यातली शेवटची खडस

एका राज्यात एक नदी होती, आणि ती वाहत नव्हती. डोंगरातून उतरायची, भोयांच्या वाडीपाशी यायची आणि एका काळ्या भिंतीला टेकून उभी राहायची. भिंतीच्या वर हिरवे, दाट पाणी. भिंतीच्या खाली राजधानीपर्यंत नुसता भेगाळलेला गाळ.

भिंत घातली होती राजा मणिध्वजाच्या आजोबांनी. शत्रू चालून आला तेव्हा त्यांनी आपले सोने नदीच्या तळाशी पुरले आणि कुंभकेतू नावाच्या जादूगाराला हुकूम केला, "यावर नदी उभी कर."

"राखण करणारी नदी वाहत नसते, महाराज," कुंभकेतू म्हणाला. महाराजांनी ऐकले नाही, आणि कुंभकेतूने नदीला थांबण्याचा शाप दिला. शत्रू आला, गेला. नदी उभीच राहिली, आणि हुकमाने बांधलेला कुंभकेतूही भिंतीवर बसून राहिला.

पुढे मासे मेले. भोई जाळी खांद्यावर टाकून दुसऱ्या मुलखात निघून गेले. वाडीत शेवटी धुरपा तेवढी उरली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिच्या घरामागे खडकात कोरलेले टाके होते. भिंतीतून पाझरणारे पाणी त्यात साठे, आणि त्या पाण्यात खडस जातीची एक मासोळी होती. हातभर लांब, तांबूस परांची, मोठाल्या खवल्यांची. शापाच्या पाण्यात राहिल्यामुळे ती माणसासारखी बोलत असे.

"धुरपे, आज वारा कुठला?" ती विचारी.

"डोंगरावरचा."

"मग बस जरा वेळ."

धुरपा टाक्याच्या काठावर बसे. भाकरी ती खाई, चुरा खडस खाई. ओस घरांची दारे वाऱ्याने वाजत, आणि कोणी आले असे वाटून धुरपा अजूनही मान वळवी.

एके वर्षी खडस खाईनाशी झाली.

"काय होते आहे, बाई?" धुरपाने विचारले.

"पोटात अंडी आहेत. दर साली धरतात आणि दर साली जिरून जातात. वर कड्याखाली माझ्या जातीचे थोडे उरले आहेत, पाण्याला त्यांचा वास येतो. पण मध्ये भिंत आहे. आणि मी आता थकले, धुरपे. माझ्यामागे कोणी नाही."

धुरपा उठली आणि भिंतीवर चढली. इतकी वर्षे त्या भिंतीच्या सावलीत राहून ती जादूगाराशी एक शब्द बोलली नव्हती. त्याच्या दाढीत शेवाळ उगवले होते.

"नदी सोडा," ती म्हणाली.

"सोडायला मीही बसलो आहे," कुंभकेतू म्हणाला. "पण त्यासाठी तीन कामे आहेत. ज्याचे सोने, त्याने ते सोडावे. हे पहिले."

धुरपा कोरड्या पात्रातून चालत राजधानीला गेली. बाजारात निम्मी दुकाने बंद होती. विहिरींवर घागरींच्या रांगा होत्या आणि रांगेत कोणी कोणाशी बोलत नव्हते. राजा मणिध्वज दरबारात जवळजवळ एकटाच बसला होता.

"महाराज, नदीतले सोने सोडा," धुरपा म्हणाली.

"त्या सोन्यावर माझे सिंहासन उभे आहे."

"महाराजांनी ते पाहिले आहे?"

"नाही."

"मी पाहिले. बुडी मारून पाहिले. त्याच्यावर बोटभर गाळ आहे. गाळ बाजूला केला तर चमकते, आणि हात काढला की पुन्हा गाळ बसतो."

राजाने खिडकीबाहेर पाहिले. वेशीतून एक कुटुंब बैलगाडी घेऊन बाहेर पडत होते.

"तुझ्या वाडीत किती माणसे आहेत?" त्याने विचारले.

"मी आहे."

राजाने मुकुट उतरवून मांडीवर ठेवला. "ते सोने माझे नाही," तो म्हणाला. त्याच क्षणी नदीच्या तळाशी त्या सोन्याचे दगड झाले, पिवळे, साधे, गुळगुळीत गोटे, मुठीत मावतील असे.

धुरपा परतली. कुंभकेतूने दुसरे काम सांगितले. "खालचे पात्र मोकळे कर. गाळात मासा अंडी घालत नाही. भिंतीपासून उतारापर्यंत, लोक नदी पायी ओलांडत तिथवर, खडक दिसला पाहिजे, आणि काठाला सावली पाहिजे."

धुरपाने टोपली आणि कुदळ घेतली. गाळ उपसून काठावर टाकायचा, त्यात वाळुंजाच्या फांद्या रोवायच्या, टाक्यातले पाणी घालायचे. उन्हाळा गेला, हिवाळा गेला, पुन्हा उन्हाळा आला. हाताची कातडी सोलून निघाली. दिवसभरात तोंडातून शब्द निघत नसे. संध्याकाळी टाक्यापाशी आली की मग बोले. आज खडक लागला. आज एक खेकडा दिसला. खडस सगळे ऐकून घेई. अंडी पुन्हा धरली, पुन्हा जिरली. तिसऱ्यांदा धरली तेव्हा काठावर वाळुंज डोक्याइतका झाला होता.

"तिसरे काम?" धुरपाने विचारले.

कुंभकेतू म्हणाला, "भिंतीच्या मधला दगड तुझ्या हाताने ओढ. जड नाही. पण शाप सुटला की मासे मुके होतील. टाक्यातलीही."

धुरपा भिंतीवरून उतरली. त्या दिवशी तिने दगडाला हात लावला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. ती टाक्यापाशी बसून राहिली आणि खडस तळाशी थांबून राहिली.

"तुला सांगितले त्याने," खडस शेवटी म्हणाली.

"तुला ठाऊक होते?"

"शापाने आलेली वाचा शापाबरोबर जायची. त्यात न कळण्यासारखे काय आहे?"

"मग मी कोणाशी बोलू, बाई?"

खडस वर आली. "ते मला सांगता येत नाही, धुरपे. मी मासा आहे. मला एवढेच कळते की पोटातली या खेपेलाही जिरू लागली आहेत."

धुरपाने घंघाळ आणले, त्यात खडस घेतली आणि मोकळ्या पात्रात पाझराने साठलेल्या एका डबक्यात नेऊन सोडली. मग ती भिंतीपाशी गेली आणि मधला दगड ओढला. तो खरेच जड नव्हता.

नदी आधी हातभर आली, मग पुरुषभर, मग सगळीच. भिंत ढासळली. पिवळे गोटे पाण्याबरोबर गडगडत खाली आले आणि मोकळ्या खडकांच्या खोबणीत बसले. कुंभकेतू काठावर उतरला, हातपाय झटकले, धुरपाला नमस्कार केला आणि आपल्या गावाच्या दिशेने चालू लागला. त्याचे गाव अजून होते की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हते.

धुरपा गुडघाभर पाण्यात उभी राहिली. "बाई," तिने हाक मारली. खडस तिच्या पायाजवळून गेली. तिने तोंड उघडले, मिटले. वरून आणखी काही तांबूस पर उतरत होते. ती त्यांच्यात मिसळली, आणि थोड्याच वेळात त्यातली कोणती ती, हे धुरपाला सांगता येईना.

नदी राजधानीला पोचली. विहिरी भरल्या. राजाने दवंडी पिटवली की भिंतीच्या जागेपासून उतारापर्यंत कोणी जाळे टाकायचे नाही, आणि त्या पट्ट्याची राखण धुरपाकडे दिली. पाणी ओसरले तेव्हा गोट्यांमध्ये बोटाच्या पेराएवढी पिल्ले दिसू लागली. धुरपा ती रोज पाही आणि मुकाट्याने घरी येई.

मग माणसे येऊ लागली. एका सकाळी शेजारच्या घरातून धूर निघाला, आणि जरा वेळाने एक अनोळखी भोईण धुरपाच्या दारात उभी राहिली. हातात रिकामी परात होती.

"मी सावित्रा. कालच आलो आम्ही. आमची चूल विझली. विस्तव मिळेल?"

धुरपाने परातीत निखारे घातले. बाई वळली. धुरपाला काही बोलायचे होते, पण माणसाशी बोलायची सवय मोडली होती आणि शब्द जुळवायला वेळ लागला. सावित्रा अंगण ओलांडून जाते तोवर ते जुळले.

"बस जरा वेळ," धुरपा म्हणाली.

सावित्रा मागे फिरली आणि परात खाली ठेवून उंबऱ्यावर बसली.

जसे त्या राज्याचे पाणी वाटेला लागले, तसे ऐकणाऱ्यांचेही लागो.