नवाकोरा खेळ

जिथं मार्गशीर्षातलं धुकं दहा वाजले तरी उठायचं नाव घेत नाही, अशा एका गावात, गावच्या बागेला लागून पत्र्याची एक छोटीशी खोली होती. तिथं सगुणा राहायची, तिची आई राहायची आणि सहा वर्षांची तुळी राहायची. आई बागेत झाडलोट करायची. त्या बागेत पानं इतकी गळत, की आई झाडत झाडत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा पिवळं झालेलं असे.

बागेत पूर्वी मुलं खेळायची. आता घसरगुंडी गंजली होती, सी-सॉ एका बाजूला टेकून बसला होता, आणि चिंचेखाली कुणी फिरकत नव्हतं. चिंचेखाली कुणी का फिरकत नव्हतं, ते सगुणाला ठाऊक होतं.

तुळी सगळ्यात लहान, म्हणून ती कायम लिंबूटिंबू. लिंबूटिंबू म्हणजे खेळात असूनही नसलेली. तिला कुणी पकडत नाही, ती कधी आउट होत नाही, आणि तिच्यावर राज्यही कधी येत नाही. एकदा तिने पाय आपटून विचारलं, "ताई, माझ्यावर राज्य कधी येणार गं?"

"चिंचेच्या पहिल्या फांदीवर चढशील तेव्हा," सगुणा म्हणाली होती. ती थट्टेत म्हणाली होती. तुळीने ते थट्टेत घेतलं नाही.

आता तुळीचा उजवा पाय मांडीपासून टाचेपर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी दोन महिने हलू नका म्हणून सांगितलं होतं. पहिले काही दिवस ती रडली, मग चिडली, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. हाक मारली तर "हं" म्हणायची. पुढे पुढे "हं"सुद्धा म्हणेना.

तिच्या उशाशी एक डबी होती. गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गफूरचाचांनी ती दिली होती. जुन्या मोबाइलची काच आणि रेडिओची लालचुटुक बटणं जोडून चाचा अशा खेळाच्या डब्या बनवत आणि गल्लीतल्या पोरांना देऊन टाकत.

"बेटा, या डबीला कुलूप नाही," ते प्रत्येकाला सांगत. "ही उघडी डबी आहे. हिच्यात कुणीही आपल्या मनातला खेळ घालावा."

पण लोक काय घालत? शेजारच्या डबीत असेल तोच खेळ. म्हणून गल्लीतल्या सगळ्या डब्यांमध्ये तेच चार खेळ होते. साप, विटा, मोटार आणि चेंडू. नवा खेळ सगळ्यांना हवा होता, पण तो दुसऱ्या कुणीतरी करायचा होता.

तुळीचे चारही खेळ आठवड्यात खेळून झाले. मग डबी उशाशी नुसतीच पडून राहिली.

एका दुपारी सगुणा आईची टोपली घेऊन बागेत गेली. दुपार असूनही उजेड राखेसारखा होता. सी-सॉच्या फळीखाली कोळ्याचं मोठं जाळं होतं आणि त्यात काहीतरी फडफडत होतं. फुलपाखरू असेल म्हणून सगुणा वाकली. तिने वेणीच्या रिबिनीच्या टोकाने एकेक धागा अलगद सोडवला, आणि थंडीने आखडलेल्या त्या इवल्याशा जिवावर ओंजळ धरून उबदार श्वास सोडला.

ओंजळीत एक परी उठून बसली.

ती बोटाच्या पेराएवढी होती. तिचे पंख चिमुकल्या चिमुकल्या चौकोनांचे होते, जणू कुणी वहीच्या पानावर चौकटी आखून रंग भरले असावेत. काही चौकोन केशरी, काही पोपटी, एखादा जांभळा, आणि तो असा लुकलुके की डोळे दिपावेत. पण बाकीचे सगळे करडे पडले होते.

"तुझे रंग कुठं गेले?" सगुणाने हळूच विचारलं.

"मी खेळपरी," ती म्हणाली. तिचा आवाज काचेच्या बांगडीसारखा किणकिणला. "कुणी नवा खेळ केला की माझा एक ठिपका उजळतो. कुणी जुन्याचीच नक्कल केली की एक विझतो. आता मोजकेच राहिलेत बघ. पण तू मला सोडवलंस, म्हणून तीन मागण्या माग. आधीच सांगते, हाडामांसावर माझं काही चालत नाही. घडून गेलेलं मला पुसता येत नाही. आणि मी शब्दावर चालते, मनातल्यावर नाही."

सगुणाला ओठावर आलेल्या दोन मागण्या तिथंच गिळाव्या लागल्या. पाय बरा करता येणार नव्हता. ते थट्टेचं बोलणंही पुसता येणार नव्हतं.

"मग तुळीच्या डबीत खूप खूप खेळ येऊ देत," ती म्हणाली.

घरी येऊन तिने डबी उघडली. खरंच! शंभर खेळ! तुळी कितीतरी दिवसांनी कुशीवर वळली. तिने पहिला खेळ लावला, दुसरा लावला, दहावा लावला. मग तिने डबी खाली ठेवली.

"ताई, हा तोच साप आहे."

"अगं, नीट बघ तरी!"

"बघितलं. टोपी घातलीय त्याने."

आणि तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सगुणा धावतच बागेत गेली. "असले शिळे खेळ काय देतेस? मला एक खेळ दे, पण नवाकोरा दे. अगदी नवाकोरा!"

"नवा आणि कोरा," परीने शब्द जपून उचलल्यासारखे परत म्हटले. "दिला."

सगुणाने घरी येऊन बटण दाबलं. काच पांढरी झाली आणि पांढरीच राहिली. साप नाही, विटा नाहीत, मोटार नाही. होते ते चार जुने खेळही गेले होते. तुळीने मान वळवून क्षणभर त्या पांढऱ्या काचेकडे पाहिलं.

"ही पण मोडली," ती म्हणाली. सगुणाला त्यातला 'पण' ऐकू आला.

त्या संध्याकाळी तुळीने भाताला हात लावला नाही. आई तिच्या केसांतून हात फिरवत बसली. "एक घास घे गं माझी बाय," ती म्हणत राहिली. शेवटी भात निवला आणि आईने तो झाकून ठेवला.

तिसऱ्या दिवशी सगुणा सी-सॉवर बसून रडली. परी तिच्या गुडघ्यावर येऊन उतरली.

"तूच म्हणालीस, कोरा."

"नवाकोरा म्हणजे एकदम नवा! आमच्याकडे असंच म्हणतात!"

"मी शब्दावर चालते," परी खाली मान घालून म्हणाली. "सांगितलं होतं मी."

सगुणाने डोळे पुसले. "मग तिसरी मागणी ऐक. अजून कुणीच खेळलेला नाही असा खेळ आण. भरलेला. पुरा."

 परीचा एक पोपटी चौकोन थरथरला.

"पऱ्यांना खेळ करता येत नाही, सगुणा. आम्ही कधी हरत नाही ना, म्हणून. आम्ही फक्त आणतो. नदीपलीकडे एक मुलगी आहे. ती शेळ्या राखता राखता मनातल्या मनात एक खेळ रचते आहे. तिने तो अजून कुणाला सांगितलेला नाही. फार गोड आहे. आणू? उद्या तिला नुसतं काहीतरी विसरल्यासारखं वाटेल. काय विसरलं, ते कधीच आठवणार नाही."

धुक्यातून आईच्या खराट्याचा आवाज येत होता, खर्र, खर्र. सगुणाला वाटलं, हो म्हणावं. कोण ती मुलगी? आपण तिला कधी पाहणारही नाही. इकडे तुळी तर जेवतही नाही.

मग तिला ती मुलगी दिसली. शेळ्यांच्या मधोमध उभी राहिलेली, कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवत असलेली.

"नको," ती म्हणाली. "तिचा तिच्याकडे राहू दे."

"मग तुळीचं काय?"

"माहीत नाही," सगुणा म्हणाली, आणि तिला पुन्हा रडू आलं.

परीने तिच्या अंगठ्यावर आपला इवलासा हात ठेवला. "कोऱ्या डबीत बटण दाबलं की ठिपका पडतो. एवढं मला सांगता येतं. ही मागणी नाही, हं. ही तिसरीत धरायची नाही."

ठिपका! ठिपके तर सगुणाला येत होते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आई दारात ठिपके काढायची आणि सगुणा ते जोडायची. ठिपक्यांतून कमळ कसं काढायचं, कासव कसं काढायचं, हे तिच्या बोटांना पाठ होतं. तिने मांडीवर डबी घेतली आणि एकेक ठिपका टाकत चिंच काढली. मग घसरगुंडी काढली आणि एका बाजूला टेकलेला सी-सॉ काढला.

पण चित्र म्हणजे खेळ नव्हे. ती डबी घेऊन गफूरचाचांकडे गेली. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून काच पाहिली, आणि ठिपक्याला चालायला कसं शिकवायचं ते तिला दाखवलं. पहिल्या दिवशी तिचा ठिपका चालत चालत काचेच्या कडेबाहेर गेला आणि परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो चिंचेच्या आरपार गेला. तिसऱ्या दिवशी चिंचच चालू लागली.

"सगळं चुकतंय, चाचा!"

"चुकू दे. तुझी चूक आहे, उसनी थोडीच आहे?" चाचा हसले. "नकलेत तर चूकसुद्धा दुसऱ्याची असते."

नऊ दिवस गेले. परी रोज तिच्या वेणीत लपून यायची आणि बघत राहायची. घरी तुळीचा चेहरा लहान लहान होत चालला होता. दहाव्या दिवशी सकाळी सगुणाने डबी तुळीच्या उशाशी ठेवली.

"मोडलीय ती," तुळी भिंतीला म्हणाली.

"एकदा बघ. नाही आवडला तर परत विचारणार नाही."

 बाहेर धुकं तसंच होतं. मग तुळीने एक हात मागे आणून डबी ओढून घेतली.

काचेवर ठिपक्यांची बाग होती. कुठं घसरगुंडीमागे, कुठं सी-सॉखाली, कुठं पानांच्या ढिगाआड रंगीबेरंगी ठिपके लपले होते. आणि चिंचेला टेकून एक पिवळाधम्म ठिपका उभा होता, सगळ्यांत लहान.

"हे कोण?"

"लिंबूटिंबू."

तुळीचं तोंड वाकडं झालं. "म्हणजे मीच. मला कुणी पकडणार नाही. माहितीय मला."

"तुला नाही पकडायचं कुणी. तू सगळ्यांना शोधायचंस. जो सापडेल त्याचं नाव घेऊन 'इस्टॉप' म्हणायचंस."

 तुळी काचेकडे पाहत राहिली आणि मग तिने मान वळवली. पुरी वळवली, अगदी सगुणाच्या डोळ्यांत पाहण्याइतकी.

"ताई... म्हणजे राज्य माझ्यावर?"

"हो. राज्य तुझ्यावर," सगुणा म्हणाली.  "पहिल्यापासून तुझ्यावर. त्यासाठी फांदीवर चढायला लागत नाही. मी उगीच म्हटलं होतं, तुळे. ते चुकलं माझं."

 तुळीची बोटं लालचुटुक बटणांवर चालू लागली होती.

खिडकीत परी उभी होती. तिच्या पंखांवरचा एक करडा चौकोन फटकन उजळला, हळदीसारखा पिवळा. "तिसरी मागणी राहिलीय, सगुणा," ती म्हणाली. "आता स्वतःसाठी काहीतरी माग. नवा फ्रॉक? गोडधोड?"

सगुणाने विचार केला. तिला नदीपलीकडच्या मुलीची आठवण झाली. "तिच्याकडे अशी डबी आहे का गं?"

"नाही. तिच्याकडे नुसता खेळ आहे."

"मग तिलाही एक उघडी डबी मिळू दे. आणि सगळ्या डब्यांमध्ये, त्या चार खेळांच्या शेजारी, एक नवीकोरी जागा असू दे. नवी आणि कोरी. या वेळी मी तसंच म्हणतेय."

परी हसली. "एवढ्या जागा करायला माझे सगळे ठिपके लागतील."

"मग नको!" सगुणा घाबरून म्हणाली.

"वेडी! ते भरले की मीही परत भरेन."

तिने पंख पसरले. केशरी, पोपटी, जांभळे आणि तो हळदीचा पिवळा, एकेक चौकोन सुटा होऊन हवेत तरंगू लागला. ठिपक्यांचा झगझगीत थवा खिडकीतून बाहेर पडला. कुणी या घरात शिरले, कुणी त्या घरात, आणि एक इवला जांभळा ठिपका धुकं कापत नदीकडे निघाला. क्षणभर सगळी खोली रंगांनी न्हाऊन निघाली. आईचा खराटा थांबला. पत्रेसुद्धा सोन्याचे दिसले. मग खिडकीत कुणीच नव्हतं.

"ताई, सरक ना," तुळी वर न बघता म्हणाली. "डबीवर सावली पडतेय. अजून एक जण सापडायचाय."

सगुणा सरकली. बाहेरचं धुकं उठलं नव्हतं, आणि प्लास्टर निघायला अजून महिना होता. पण आईने सकाळी झाकून ठेवलेल्या भातावरचं ताट तुळीने एका हाताने बाजूला केलं होतं, आणि ती खेळता खेळता घास घेत होती.

शेवटचा ठिपका सगुणाने मुद्दाम अवघड जागी लपवला होता, चिंचेच्या पहिल्या फांदीच्या बरोबर खाली, जणू कुणी पडलं तर झेलायला उभा असावा तसा. पिवळा लिंबू हळूहळू तिथवर गेला. थबकला.

आणि किती दिवसांनी त्या पत्र्याच्या खोलीत तुळीचा आवाज खणखणला:

"सगूताई इस्टॉप!"