मालकाची परवानगी

डोंगरपट्टीतल्या एका संस्थानात दिवाण सर्जेरावांनी दवंडी पिटवली, की यापुढे मालकाच्या परवानगीशिवाय रानातला पाला कोणी तोडायचा नाही. ठाकरवाडीत झाडपाल्याचं औषध देणाऱ्या म्हाताऱ्या बुधीची चूलच जणू विझली.

मालक कोण हे दाखवायला दिवाणसाहेब स्वतः पालखीतून रानात आले आणि "ही वेलसुद्धा सरकारची" म्हणत त्यांनी समोरची वेल छातीशी कवटाळली. ती खाजकुइली होती. क्षणात फेटा एकीकडे, अंगरखा एकीकडे आणि साहेब पालखीच्या दांडीला पाठ घासताहेत. भोई मुंडाशाचं टोक तोंडात कोंबून हसू दाबत होते.

"म्हातारे, पाला आण लवकर," बघ्यांत बसलेल्या बुधीवर दिवाण खेकसले.

"तोडला तर मी चोर ठरेन, सरकार," बुधी हात मागे घेत म्हणाली. "शिवाय वेल तुमची, अंगही तुमचंच. घरच्या भांडणात बाहेरच्यानं कशाला पडावं?"

"दिली परवानगी. तोड."

बुधी उठली, एका झुडपापाशी जाऊन उकिडवी बसली आणि हात जोडून निवांत बोलू लागली, "मी बुधी. सोमीची लेक, चैतीची नात. आजीनंच तुझी ओळख करून दिली. चार पानं नेऊ का?"

"कोणाशी बोलतेस?" दिवाण नाचत ओरडले. "मी दिली ना परवानगी?"

"तुम्ही दिलीत, सरकार. पण दवंडीत मालकाची म्हटलंय. म्हणून मालकाला विचारते."

पाला मिळाला, खाज थांबली. दवंडी काही मागे घेतली गेली नाही. ठाकरवाडी ती आजही तंतोतंत पाळते.