तळ्याने घेतलेली माघार

"हे तळं?" हंबीररावमहाराज गरजले. "विसाजी, हे तळं असेल तर आमच्या धोब्याची निळीची बादली म्हणजे समुद्र!"

विसाजीच्या तोंडचं पाणी पळालं. कुसुंबगडच्या दिवाणखान्यासाठी विलायती निसर्गचित्रं आणायला महाराजांनीच त्याला मुंबईला धाडलं होतं. फ्रान्समधल्या नामांकित चित्रांच्या हुबेहूब नकला, वर काच, भोवती सोनेरी चौकट. दुकानात त्याने डोळे भरून पाहिलं होतं: तळं, कमळं, काठावर झुकलेली झाडं. आणि महाराजांना दिसत होते नुसते रंगाचे फराटे.

दुसरं दिसणार तरी काय? दिवाणखान्याच्या मधोमध तिवईवर ठेवलेल्या चित्रावरचं रेशमी वस्त्र महाराजांनी स्वहस्ते दूर केलं होतं, आणि आता त्यांचं नाक काचेला टेकायचंच बाकी होतं. असली चित्रं बघायची लांबून. पण कुसुंबगडच्या गादीची शपथ होती, राजा पाऊल मागे घेणार नाही आणि पाठही दाखवणार नाही. पूर्वजांनी ती घेतली लढाईसाठी, महाराज ती जेवणघरातही पाळत. पाटावरून उठले की खेकड्यासारखे आडवे चालत हात धुवायला जात.

मागे उभ्या दरबाऱ्यांना तळं लख्ख दिसत होतं. पण 'महाराज, जरा मागे सरा' हे म्हणणार कोण? एका वैद्याने कधीतरी म्हटलं होतं, तो अजून हद्दीबाहेर आहे.

"दिवेलागणीच्या आत यात तळं दिसलं पाहिजे," महाराज म्हणाले. "काच काढायची नाही, रंगाला हात लावायचा नाही आणि आम्ही मागे हटणार नाही. नाही जमलं, तर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालता हो."

बापाने आणलेली चित्रं बघायला विसाजीची लेक येसू हौसेने आली होती. त्याचा उतरलेला चेहरा बघून तिला रडूच फुटलं असतं, पण त्याआधी राग आला. घर सुटणार, गाव सुटणार, आणि कशापायी, तर चार पावलांपायी! ती सरळ पुढे झाली.

"महाराज, या चित्राचा उर्मटपणा बघितलात?"

"कसला उर्मटपणा?"

"साक्षात आपण समोर ठाकलात आणि हे नाकाला नाक भिडवून उभं! आपण कशाला हटायचं? त्यालाच हटवा. तलवार तेवढी उपसा."

महाराजांच्या मिशा फुरफुरल्या. आयुष्यात एकही लढाई वाट्याला आली नव्हती बिचाऱ्यांच्या. त्यांनी तलवार उपसली आणि पाऊल पुढे टाकलं. येसूने खुणावताच दोन हुजऱ्यांनी चित्र तिवईसकट उचललं आणि ते उलट्या पावली मागे सरकले.

"पळतंय!" महाराजांनी आणखी एक पाऊल टाकलं. हुजऱ्यांनी थेट दिवाणखान्याचं टोक गाठलं.

महाराज थबकले. फराट्यांचं पाणी झालं होतं, पाण्यावर कमळं तरंगत होती.

"अगं, हे तर खरंच तळं!"

"तेच तर, महाराज. अंगावर आलं तेव्हा सोंग घेऊन आलं होतं," येसू म्हणाली. "माघार घ्यावी लागली तसं मुकाट्याने खरं रूप दाखवलं."

महाराज इतके हसले की तलवार म्यानात जाईना. लढाई जिंकणाऱ्या सेनापतीसाठी राखलेलं सोन्याचं कडं पिढ्यान्‌पिढ्या पेटीत पडून होतं, ते त्यांनी येसूच्या हातात घातलं.

"आणि विसाजी, उद्याच मुंबईला नीघ," ते मिशीला पीळ देत म्हणाले. "या खेपेला डोंगर आण. तळं फारच लवकर पळालं!"